अर्जदाराने आपली पापे कशी आठवावीत

ग्रीन कार्डाला पाच वर्षे होत आली, की न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला अमेरिकेच्या नागरिकत्वाचे वेध लागतात. त्यासाठी 'एन-४००' नावाचा अर्ज भरावा लागतो. नाव, पत्ता, उंची, वजन इथपर्यंत गाडी सुरळीत जाते. मग अर्ज विचारतो, की ज्याबद्दल आपल्याला अटक झाली नाही असा एखादा गुन्हा आपण आयुष्यात कधी केला आहे काय? नुसता प्रयत्न केला, दुसऱ्याला करायला लावला, करणाऱ्याला मदत केली, तरी तो धरायचा. सुसंस्कृत घरातल्या अर्जदाराचा हात आपोआप 'नाही'च्या चौकटीकडे जातो. तो तिथेच आवरावा आणि पुढील सूचना वाचाव्यात.

डोंबिवलीकरांनी रेल्वेपासून सुरुवात करावी. पूल चढायचा कंटाळा म्हणून रूळ ओलांडले असतील, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७ लागते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. रोज दोनदा याप्रमाणे कॉलेजच्या वर्षांचा हिशेब स्वतंत्र कागदावर करावा. फूटबोर्डावर लटकणाऱ्यांना मात्र दिलासा आहे. कलम १५६ लागायचे तर रेल्वेच्या माणसाने आधी हटकावे लागते, आणि सकाळच्या फास्टमध्ये दारापर्यंत पोहोचू शकेल असा रेल्वेचा माणूस अजून जन्माला यायचा आहे. इथे छातीठोकपणे 'नाही' म्हणावे.

यानंतर दारू. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि प्यायला परवाना लागतो, हे अर्जदाराला बहुधा आत्ताच कळत असेल. शिवाय रमसारख्या कडक दारूला वयाची अट पंचवीस वर्षांची. म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी होस्टेलच्या गच्चीवर घेतलेला रमचा एक पेग हे दोन गुन्हे झाले. सोडा आणणाऱ्या मित्राने 'मदत केली' या सदराखाली आपला अर्ज वेगळा तपासावा.

जुगाराबद्दलही अर्जात प्रश्न आहे. गणपतीचे जागरण इथे आडवे येते. रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगून ठेवले आहे. तीन पत्तीला तशी शिफारस नाही. मध्यरात्रीपर्यंत पैसे लावून रमी आणि मग आग्रहाखातर तीन पत्ती झाली असेल, तर गुन्ह्याची वेळ मध्यरात्र धरावी. तपशील आठवत नसतील तर ठाण्याच्या मोठ्या ताईला व्हिडिओ कॉल करावा. कोणी किती हरले हे ती सांगेल, न विचारलेलेही सांगेल.

चौकातल्या हवालदाराशी पन्नास रुपयांत 'मिटवलेले' सिग्नलचे प्रकरण मिटलेले नाही. सिग्नल तोडणे हा एक, लाच देणे हा दुसरा. पावती फाडली असती तर एकावर भागले असते.

हा सगळा भित्र्या देशी डोक्याचा खेळ आहे असे वाटत असेल, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला २०१७ चा मास्लेन्याक खटला पाहावा. बोस्नियातून आलेल्या एका बाईचे नागरिकत्व खोट्या माहितीवरून काढून घेतले होते. सुनावणीत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सरकारी वकिलाला विचारले, की पंचावन्नची मर्यादा असताना मी एकदा साठने गाडी चालवली होती, पकडला गेलो नाही. तेही अर्जात लिहायचे? वकील म्हणाले, हो. वजन कमी सांगण्याची सवय असल्याचे कबूल करून न्यायमूर्ती केगन यांनीही काळजी व्यक्त केली. पुढे निकाल त्यांनीच लिहिला: ज्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्याशी संबंधच नाही, त्यावरून ते काढून घेता येणार नाही. म्हणजे रुळांमुळे कोणी परत डोंबिवलीला पाठवणार नाही. मोजलेला कागद तरी जपून ठेवावा, इतक्या कष्टाने केलेला आहे.

अमेरिकेत मिळालेल्या स्पीडिंगच्या तिकिटाने मात्र झोप उडवून घेऊ नये. विचारले की सांगून टाकावे. दंड पाचशे डॉलरच्या आत असेल, अटक झाली नसेल आणि दारू किंवा ड्रग्जचा संबंध नसेल, तर कागदपत्रेही जोडावी लागत नाहीत. लपवले तर मात्र तिकिटाचा प्रश्न संपून अर्जदाराच्या चारित्र्याचा सुरू होतो.

आता ज्या गोष्टी पाप वाटतच नाहीत, त्यांच्याकडे वळू. न्यू जर्सीत २०२२ च्या एप्रिलपासून गांजा दुकानात मिळतो, पावती देतात, कर घेतात. संघराज्याच्या कायद्याला ही पावती दिसत नाही. राज्यात चालत असले तरी त्यामुळे नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सच्चारित्र्याला बाधा येऊ शकते, असे इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्ये लेखी सांगितले आहे; शिक्षा झालेली नसली तरी नुसती कबुली पुरे होते. होळीची भांग? भारताच्या १९८५ च्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली. अमेरिकेचा कायदा पान-फूल असा भेद मानत नाही. ही आठवण आधी वकिलाला सांगावी.

आणि सर्वांत घातक म्हणजे गाडीच्या लायसन्सचे ऑफिस. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत तिथे लायसन्ससोबत मतदार नोंदणीबद्दलही विचारतात. दीड तास रांगेत उभा राहिलेला ग्रीन कार्डवाला, काउंटरवरच्या बाईंना नाही कसे म्हणायचे म्हणून 'हो' म्हणतो. सही करतो. त्या सहीच्या वर 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' असे छापलेले असते. नागरिक असल्याचा खोटा दावा आणि बेकायदा मतदान यांवर १९९६ च्या कायद्याने थेट हद्दपारीची तरतूद केली आहे. कोणी नोंदणीचे कार्ड घरी आले म्हणून हौसेने मतही देऊन येतो आणि 'आय व्होटेड'चा स्टिकर लावलेला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. खाली चाळीस जणांचे अभिनंदन.

अशा अर्जदाराने रूळ, रम आणि रमी सोडून द्यावी आणि अर्ज पाठवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावे. वकिलाची फी बहुधा पाचशे डॉलरच्या वर जाते, पण तिची कागदपत्रे जोडावी लागत नाहीत.