माळशेजचा उजेड मानपाडा रोडवर

डोंबिवलीत थार आली की पाठोपाठ टपावर दिवे चढतात. कारण? माळशेजचं धुकं! गाडी धावते मानपाडा रोड ते घोडबंदर. अर्थात तिथले खड्डे पाहता तिला ऑफ-रोड म्हणायला कोण आडवं येणार? आणि धुक्याचा दिवा हवा खाली, बंपरपाशी. टपावरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. पण खाली लावला तर सोसायटीला दिसणार कसा?

वायरिंग घरीच, कारण ‘त्यात काय एवढं?’ ६० वॉटचे दोन दिवे, १२ व्होल्टची बॅटरी, म्हणजे १० अँपिअर. ते थेट डॅशबोर्डवरच्या चिमुकल्या बटणातून न्यायचे. आधी बटण तापतं, मग वास सुटतो, मग वॉचमन वाळूची बादली घेऊन धावतो. रिले लावावा: त्याच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ ला स्विच आणि अर्थिंग, बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज. पण दिव्यांवर हजारो उधळणारा शूरवीर नेमकी इथेच काटकसर करतो. अर्थिंगही रंगावरच कसतो, पत्रा खरवडायला जीव होत नाही.

चुकून सगळं पेटलंच, तर कल्याण-शीळ रस्त्यावर समोरचा रिक्षावाला एका हाताने डोळे झाकतो आणि मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.