कळा, कॅमेरा, कामशेत

बाळंतपणात बाईच्या उशाशी बसून धीर देण्याचे पैसे मिळू शकतात, ही बातमी मावळात जरा उशिराच पोचली. पोचली ती थेट इन्स्टाग्रामवरून. त्यामुळे तळेगावातल्या नव्या इमारतींपासून तुंगार्लीच्या बंगल्यांपर्यंत कुठे ना कुठे एखादी होतकरू डूला रिंग लाइट लावून बसलेली असणारच. ही मार्गदर्शिका तिच्यासाठी.

आधी पात्रतेचं बघू. डूला डॉक्टर नसते, नर्स नसते, सुईणही नसते. ती तपासत नाही, टोचत नाही, बाळ झेलत नाही. ती थांबते. या थांबण्याची आपल्या देशात कुठल्याही कौन्सिलकडे नोंदणी करावी लागत नाही. नर्सला नर्सिंग कौन्सिल आहे, रिक्षावाल्याला बॅज आहे, डूलाला फक्त बायो आहे. म्हणून सगळा जोर बायोवर लावा.

राहण्याचं ठिकाण 'लोणावळा' असंच लिहा. तुम्ही कान्ह्याला राहत असाल, वडगावला राहत असाल, तरी लोणावळाच. लोणावळा म्हटलं की वाचणाऱ्याला धुकं दिसतं, वडगाव म्हटलं की तहसील कचेरीतली रांग. वास्तविक वडगावचा इतिहास मोठा. १७७९च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांना तिथे कोंडून तह लिहून घेतला. पण तुम्हाला पोस्टी इंग्रजीतच लिहायच्या आहेत, तेव्हा तो विषय काढून कुणाला दुखवू नका. वडगावच्याच भात संशोधन केंद्रातून 'इंद्रायणी' आला, आणि बाळंतिणीच्या मऊ भाताला त्याच्या तोडीचा दुसरा तांदूळ मी तरी पाहिलेला नाही. फोटोत मात्र तो गिचका दिसतो. किन्वा दाखवा.

पार्श्वभूमीसाठी पवनेचं पाणी, मागे तिकोना आणि पुढे फुगवलेला जांभळा चेंडू. या चेंडूवर बसून कळा सोसायला सोपं जातं हे खरं आहे. लायन्स पॉइंटच्या वाऱ्यात त्याच्यावर नुसतं बसून राहणंही सोपं जात नाही. पावसाळ्यात शूटिंग ठेवलंत तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आधी वाचा. २०२४ साली भुशी धरणावरच्या दुर्घटनेनंतर धबधबे, धरणं, कडे अशा धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढण्यावरच बंदी आली होती. आठव्या महिन्यातल्या बाईला शेवाळलेल्या दगडावर उभं करून खाली 'ट्रस्ट युअर बॉडी' लिहिण्यापूर्वी तिच्या सासूचं मत घ्या. लेखी घेऊ नका.

श्वास हा तुमचा हुकमी विषय. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामात शरीराचं नेमकं काय होतं ते प्रयोगशाळेत मोजायला घेतलं. त्यात त्यांचं आयुष्य गेलं. तुमच्याकडे तीस सेकंद आहेत. नाकाने घ्या, तोंडाने सोडा, मागे बासरी.

इथवर सगळं सोपं होतं. आता खरी अडचण सांगते: डूलाच्या कामाचा खरोखरच उपयोग होतो.

कॉक्रेनच्या २०१७च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि पंधरा हजारांवर बायका होत्या. कळांमध्ये कुणीतरी सतत सोबत असलं की सिझेरियनचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळ थोडा आटोपतो, वेदनाशामकं कमी लागतात, आणि आपल्या बाळंतपणाची कडवट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायका कमी होतात. सगळा भार 'सतत'वर आहे, आणि फॉलोअर वाढवणाऱ्या माणसाला नेमकं तेच परवडत नाही. पहिलटकरणीचं बाळंतपण बारा तास सहज चालतं, कधी त्याहून जास्त. रील काही सेकंदांची. उरलेल्या वेळात दर कळेला कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताने दाब धरायचा असतो. हात काढला की ती ओरडते, म्हणजे एक हात गेला. दुसऱ्यात पाण्याचा ग्लास किंवा ओकारीचं पातेलं. अधूनमधून तिला उठवून चालवायचं, लघवीला न्यायचं. ती नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली की नवऱ्याला चहाला पाठवायचं, आणि तो फार वेळ आला नाही तर शोधायलाही पाठवायचं कुणाला तरी. मग एक वेळ अशी येते की ती म्हणते, मला हे नकोच, मला घरी जायचंय. त्यावर युक्तिवाद करायचा नसतो. 'हं' म्हणायचं असतं. या व्यवसायाचा निम्मा अर्क त्या 'हं'मध्ये आहे आणि त्याला लाइक पडत नाहीत. तिसरा हात असल्यास त्यात फोन धरावा.

उजेडाचाही प्रश्न आहेच. परदेशी डूलांच्या रीलमध्ये मेणबत्त्या असतात, कोमट पाण्याचा टब असतो, खिडकीबाहेर बर्फ पडत असतो. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात पांढरी ट्यूबलाइट, लोखंडी टेबल, हिरवा पडदा आणि पडद्यापलीकडे दुसरी बाई. शिवाय दारावरची सिस्टर. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी सोबतीण आत थांबू द्यायला मान्यता दिली, हे तिला दाखवा. पण आधी अटी वाचा. नात्यातली बाई असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, कपडे स्वच्छ असावेत, संसर्गाचा आजार नसावा, कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबूड न करता शेवटपर्यंत थांबावं. वाचता वाचता लक्षात येईल की ही जागा कुणाच्या तरी मावशीसाठी निघाली आहे.

मावशी ही तुमची खरी स्पर्धक. ती फुकट येते, येताना डब्यात अळिवाची खीर आणते, रात्रभर जागते आणि सकाळी कुणाला न सांगता पहिल्या गाडीने कामशेतला उतरून भात लावायला जाते. तिच्याशी किमतीत स्पर्धा करता येणार नाही. तिला कंटेंटमध्ये घ्या. नऊवारीत, चुलीपुढे, कृष्णधवल. डिंकाचे लाडू वळताना हात, फक्त हात. खाली 'पूर्वजांचं ज्ञान' असं काहीतरी. शेकशेगडी तर हवीच. तिचा धूर बाळाच्या छातीला बरा नाही हे सांगून डॉक्टर थकले, पण धुरात सकाळचं ऊन फार सुंदर येतं.

दुसरी स्पर्धक आशाताई. जननी सुरक्षा योजनेत पात्र बाईच्या बाळंतपणामागे आपल्या राज्यातल्या ग्रामीण आशाला ६०० रुपये मिळतात, निम्मे गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी आणि निम्मे दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी. तिच्या वाट्याला साधारण हजार वस्ती. म्हणजे फॉलोअर हजारच, पण एकही बनावट नाही, आणि उलट तीच त्यांना फॉलो करते, घरी जाऊन. कुणाची पाळी चुकली, कुणाच्या लोहाच्या गोळ्या उशीखाली साठल्या आहेत, कुणाचा नवरा पिऊन येतो, हे तिला तोंडपाठ. आंदर मावळात डोंगरकडेच्या काही वाड्यांवर फोनला रेंज नसते. तिथल्या बाईला सोबतीची गरज जास्त, पण तिला टॅग करता येत नाही, तेव्हा तो भाग आशाताईकडेच राहू द्या.

कर्नाटकातल्या सुलगित्ती नरसम्मा यांनी पैसे न घेता पंधरा हजारांवर बाळंतपणं केली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. हे उदाहरण पोस्टीत चुकूनही देऊ नका. लोक घासाघीस करतात.

संमतीपत्रावर सही कधी घ्यावी, असं बऱ्याच जणी विचारतात. कळा दोन-दोन मिनिटांवर आल्या की घ्यावी. त्या वेळी बाई सात-बारासुद्धा लिहून देते. मात्र दवाखान्याला सांभाळा. तमिळनाडूतल्या एका नामांकित यूट्यूबरने २०२४ मध्ये ऑपरेशन थिएटरात कॅमेरा नेला, स्वतः नाळ कापली आणि व्हिडिओ टाकला. आरोग्य खात्याने रुग्णालयावर कारवाई केली. त्याआधी काही महिने याच गृहस्थांनी दुबईत तपासणी करून मुलगा की मुलगी ते समारंभपूर्वक जाहीर केलं होतं, तेव्हाही नोटीस आली होती. तुमच्या इनबॉक्समध्येही हाच प्रश्न सर्वांत जास्त येणार: 'ताई, पोट पुढे आहे, काय असेल?' प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर १९९४च्या कायद्याची पाटी असते, ती वाचून आलेली माणसंच हे विचारतात. पाटीचा फोटो उत्तरादाखल पाठवा. फॉलोअर कमी होतील, त्याला इलाज नाही.

प्रसिद्धीचा एक जुना नमुना पुण्यातच सापडतो. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि त्याची पत्रकं शहरात भिंतींवर डकवली. अडचणीत सापडलेल्या विधवेने यावं, सुखरूप बाळंत व्हावं, तिचं नाव बाहेर फुटणार नाही, असा आशय. म्हणजे पोस्ट जाहीर आणि बाई गुप्त. आजच्या हिशेबाने हे सगळं उलटं झालं. आता बाई जाहीर असते आणि फी गुप्त: 'डीएम करा.'

राग हा वाढीचा उत्तम खुराक आहे, आणि राग सिझेरियनवर काढावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४. या दोन आकड्यांमधल्या दरीबद्दल गंभीरपणे लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्याला वेळ लागतो आणि टाक्यांवर लाल फुली मारलेला फोटो दोन मिनिटांत होतो. एक लहानशी गैरसोय आहे. तुमचं पॅकेज घेणारी बाई बहुधा खासगीत जाते, म्हणजे तिचं सिझेरियन होण्याचा संभव निम्म्याच्या आसपास. ती टाके सांभाळत, बाळाला पाजत, रात्री तीन वाजता तुमची पोस्ट वाचते आणि तिला कळतं की आपल्याला जमलं नाही. ती काही बोलत नाही. अनफॉलो करते. एवढी गळती धरून चाला.

टब, तरणतलाव आणि दरीकडचा देखावा असलेल्या व्हिलात बाळंतपण करायची कल्पना कुणी आणली तर मात्र हा सल्ला मी थट्टेतही देणार नाही. बाळ झाल्यावरचा रक्तस्राव बाईला फार थोड्या वेळात संपवू शकतो, आणि पावसाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी लोणावळ्यातून बाहेर पडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. १०८ची गाडी त्याच रांगेतून येते. व्हिला बारशाला घ्या.

आता उत्पन्न. दहा हजार फॉलोअर झाले की बाटलीवाले येतील. गोड बोलतील. १९९२चा कायदा आणि त्यातली २००३ची दुरुस्ती असं सांगते की बाळाचं पावडरचं दूध, दुधाची बाटली आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं डबाबंद खाद्य यांची जाहिरात कुणीही करायची नाही. कुणीही, म्हणजे तुम्हीही. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तिथूनही रील टाकता येत नाहीत. मग उशी, तेल, सैल कपडे राहतात. तेल विकताना त्याने काय बरं होतं ते सांगायचा मोह होईल. ऑगस्ट २०२३ पासून ग्राहक व्यवहार विभागाची सूचना आहे की आरोग्यावर बोलणाऱ्याने आपली पात्रता सांगावी, आणि तज्ज्ञ नसेल तर तसं स्पष्ट म्हणावं. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला, हे वाक्य तेलाच्या बाटलीवर कसं बसवायचं ते तुम्ही ठरवा. त्यापेक्षा चिक्की बरी. ती यांतल्या कुठल्याच कायद्यात अडकत नाही आणि लोणावळ्याच्या बायोला शोभते.

सातत्याबद्दल सांगायचं राहिलं. बाई अडली, तुम्ही आत गेलात, फोन बंद करून पिशवीत टाकलात आणि दीड दिवस पोस्ट गेली नाही, तर अल्गोरिदमला राग येतो. यावर उपाय म्हणजे पोस्टी आधीच लिहून वेळ लावून ठेवणं: 'या क्षणी एका आईचा हात माझ्या हातात आहे. फोनपासून दूर.' फक्त वेळ नीट निवडा. मंगळवारी सकाळी तुम्ही कामशेतच्या बाजारात वांगी निवडत असताना ही पोस्ट गेली, तर समोरची भाजीवाली मावशी फोन वर करून दाखवेल, आणि मागच्या रांगेत उभी असलेली त्या आईची सासू विचारेल, "अगं, मग आमची सून कुणाचा हात धरून बसलीय?"