घोडा आला, मामा!

इंग्रज माणूस सुट्टीच्या दिवशी चालायला निघतो तो कुठे पोचण्यासाठी नव्हे. जिथे गाडी लावली तिथेच तीन तासांनी परत यायचं. मधे चार फाटकं उघडून लावायची आणि शंभरेक मेंढ्यांची नजर चुकवायची. आपणही प्रदक्षिणा घालतो, पण निदान मधे देव तरी असतो.

ऑक्सफर्डशायरमधल्या अफिंग्टनच्या टेकडीवर भाची आणि जावई मला घेऊन गेले, तिथे मधे घोडा होता. टेकडी सगळी खडूची. त्यात चर खणून, पांढरा खडू ठेचून भरलेला हा घोडा सुमारे ११० मीटर लांब आणि तीन हजार वर्षांच्या आसपासचा.

"घोडा आला, मामा!" भाची म्हणाली. मी पाहिलं तर पायाशी गवतात एक पांढरा पट्टा. ही शेपटी की मान, यावर आमच्यात मतभेद झाले. जावईबापूंनी मोबाइलवरचा नकाशा उलटा-सुलटा करून आपण डोळ्याजवळ आहोत असा निर्वाळा दिला. तिथली मेंढी शेपटीच्या बाजूची असावी. तिने मान वर केली नाही.

माथ्यावर अफिंग्टन कॅसल. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला किल्ला म्हटलं की बुरूज, टाकं आणि ताकवाली लागते. इथे लोहयुगातला मातीचा बांध, बाहेर खंदक, आत नुसतं गवत आणि टोपी उडवणारा वारा. दरवाजा म्हणजे बांधातली फट. तिच्यातून आत गेलो आणि बाहेर आलो. गड सर झाला.

पुढे रिजवे या प्राचीन वाटेने वेलंड्स स्मिदी गाठली. ही नवाश्मयुगातली थडगी, पाच हजार वर्षांहून जुनी; तोंडाशी पुरुषभर उंचीचे दगड. उत्खननात चौदा माणसांचे अवशेष निघाले. त्यांनी हयातीत लोखंड पाहिलं नव्हतं, तरी सॅक्सन लोकांनी त्यांच्या डोक्यावर वेलंड नावाचा दंतकथेतला लोहार आणून बसवला. रात्री इथे घोडा बांधून नाणं ठेवलं की सकाळी नाल ठोकलेला मिळतो म्हणे. उधारीची सोय दिसली नाही.

पण मला खरं नवल त्या घोड्याचंच. खडूवर गवत फार लवकर चढतं. एका पिढीने आळस केला असता तर घोडा कायमचा गेला असता. मग इतकी शतकं तो खरवडला कोणी? गावकऱ्यांनी, आणि तेही जत्रेच्या निमित्ताने. घोडा साफ करायचा आणि मग त्याच ओसाड किल्ल्यात तंबू ठोकून बिअर, कुस्त्या, शर्यती, उतारावरून चीज गडगडत सोडणं असा धुमाकूळ. १८५७ च्या जत्रेवर टॉमस ह्यूजने पुढे पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात मात्र जर्मन वैमानिकांना खूण सापडू नये म्हणून घोडा झाकून ठेवावा लागला. आता नॅशनल ट्रस्टचे स्वयंसेवक हातोडीने खडू ठेचून भरतात. मन लावून करतात, पण जत्रा हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही जाणार असाल तर बूट जुने घाला, ओला खडू भलताच निसरडा असतो. आणि घोडा पाहायचाच असेल तर टेकडी चढण्याआधी उत्तरेकडच्या सखल भागातून पाहून घ्या. वर गेल्यावर तो दिसत नाही.