‘नंतर वाचू’ महाशयांस जाहीर नोटीस

श्री. ‘नंतर वाचू’ यांस,
मु. पो. फोनचा उजवा कोपरा



आपण केलेल्या उपकारांची रीतसर नोंद आजवर कुणी घेतली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

शेतमालाच्या हमीभावावरचा लांबलचक लेख समोर आला, की पूर्वी माणसापुढे दोनच वाटा असत : वाचा, नाहीतर सोडा. वाचायला डोके लागते आणि सोडायची लाज वाटते. आपण तिसरी वाट काढून दिलीत. लेखाशेजारची ती इवलीशी ‘सेव्ह’ची फीत बोटाने काळी केली, की लेख आपला झाला. ज्ञानप्राप्तीचे समाधान तिथल्या तिथे पदरात, आणि माणूस पुढचे रील बघायला मोकळा. आळसाला इतका अभ्यासू चेहरा दुसऱ्या कुणी दिल्याचे आठवत नाही.

घराणेही आपले नामांकित. 2007 मध्ये लेख साठवून ठेवणारे ‘रीड इट लेटर’ जन्माला आले, 2012 मध्ये त्याचे दुसरे बारसे होऊन ते ‘पॉकेट’ झाले, 2017 मध्ये ते मोझिलाला दत्तक गेले आणि 8 जुलै 2025 रोजी त्याने मान टाकली. भाविकांना आपापल्या याद्या उतरवून घ्यायला मुदत मिळाली होती. त्या मुदतीत यादीतले चार लेख वाचूनच टाकावेत, असा अभद्र विचार कितीजणांच्या मनात आला असेल? यादी उचलून दुसऱ्या ॲपमध्ये नेऊन ठेवणे केव्हाही सोपे. उतरवलेल्या फायलीत लेख नव्हतेच, नुसती शीर्षके, दुवे वगैरे होते. पण हे खटकायला आधी फाइल उघडावी लागते, आणि उघडणे आपल्या पंथात निषिद्ध.

बाकी अवतार तर विचारूच नका. व्हॉट्सॲपवर तारा लावलेले संदेश, टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ, किंडलवरची फुकट नमुना प्रकरणे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये शंभर टॅब उघडे झाले, की आकडा मोजणे सोडून तिथे हसरा चेहरा येतो. ते हसू आपलेच ना?

आपल्याला खरा त्रास दिला तो मात्र वाचनालयांनी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबईचे 1898 चे. म्हणजे आपल्याहून शतकाने थोरली मंडळी. तिथे पुस्तकाबरोबर परतीची तारीख येते. दिवाळी अंकांची योजना तर गल्लीतल्या वाचनालयातही असते : वर्गणी एकदाच भरायची, पण पुढचा अंक हवा तर हातातला परत करायचा. त्या हातातल्या अंकासाठी दुसरे कुणीतरी खोळंबलेले असते आणि ग्रंथपाल चष्म्यावरून बघत असतो. मराठी माणसाला वाचायला लावण्यात साहित्यप्रेमाइतकाच या चष्म्याचा आणि उशिराच्या दंडाचा वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे तारीख नाही, दंड नाही, कुणी खोळंबत नाही. जागा म्हणाल तर अमर्याद. कपाट भरले, आता नवे आणू नका, असे घरातले कुणी आपल्याला कधी म्हणालेले नाही.

तेव्हा आमच्या फोनपुरती आपली सत्ता आम्ही आवरती घेत आहोत. यापुढे आपल्याकडे दहाच लेख राहतील. अकरावा आत यायचा, तर एकाने बाहेर जायचे. वाचून गेला तर उत्तम, न वाचता गेला तरी चालेल. पंधरा दिवस पडून राहिलेला लेख पुसला जाईल. त्यात काही मोलाचे हरवेल, हा आपला लाडका युक्तिवाद आहे. हरवू द्या. ज्याला हमीभावाचे खरोखर समजून घ्यायचे आहे, तो लेख पुन्हा हुडकून काढतोच. आणि ज्याला नाही, त्याच्याकडे तो वर्षभर होताच की.

वरील कारवाईबाबत आपली काही हरकत असल्यास ती पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी. त्यानंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार