रंगावर जाऊ नका

आरएक्स 100 घ्यायची म्हणून लोक मोबाइलवर जाहिराती चाळतात आणि तिथला आकडा हाच बाजारभाव मानतात. ती विकणाऱ्याची मागणी असते. गाडी खरोखर कितीला गेली, हे जाहिरातीत कधी छापून येत नाही. ते गॅरेजात कळतं. जुन्या टू-स्ट्रोकवर हात बसलेल्या मिस्त्रीला विचारा: तुझ्यासमोर शेवटची गाडी कितीला गेली आणि घेणाऱ्याने नंतर तिच्यावर किती घातले? दोन्ही आकडे हवेत.

जुन्या गाडीचा रास्त भाव ठरतो तो तिच्यात मूळचं काय उरलंय आणि कागद कुणाच्या नावावर आहेत, यावर. बाजारात मात्र पैसे चकाकीला मिळतात. ताजा रंग, पावडर कोटिंग, झगमगीत क्रोम, की लगेच ‘फुल रिस्टोअर’ म्हणून वरचे पैसे. मला याचा मनापासून राग येतो. कारखान्यातून आलेला रंग, फिकटलेला का असेना, एकदा घासून काढला की गेला. शिवाय नव्या रंगाखाली काय दडवलंय ते दिसत नाही. म्हणून खिशात लोहचुंबक ठेवा. टाकीच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. मग झाकण काढून टॉर्च मारा. आत गंज असेल तर बाहेरच्या रंगाचा एक रुपयाही देऊ नका.

जाण्याआधी फोनवर बजावून ठेवा की गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी इंजिनावर तळहात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, थांबा. थंड इंजिन किती किकांत उठतं हेच पाहायचंय. ब्लॉक कितव्या बोअरवर आहे तेही विचारा. रिबोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातं आणि शेवटच्या साइझनंतर स्लीव्ह नाहीतर ब्लॉक बदलावा लागतो. पहिल्या बोअरची आणि शेवटच्या बोअरची गाडी एका भावाची कशी असेल? टू-स्ट्रोक सुरुवातीला धूर सोडणारच. पण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकच्या सीलवर संशय घ्या आणि इंजिन खोलायची मजुरी भावातून कापा.

राजदूत 350 चं प्रकरण आणखी नाजूक. 1983 साली ही 347 सीसीची, दोन सिलिंडरची गाडी आली आणि दहा वर्षंही टिकली नाही. पेट्रोल फार पिते, सुटे भाग महाग, म्हणून तेव्हा लोकांनी नाकारली. आज ती कमी उरली म्हणून महाग. आधीची हाय टॉर्क आणि नंतरची लो टॉर्क यांच्या ताकदीत फरक आहे, भावातही आहे. समोरची कोणती, हे जाणकाराकडून पक्कं झाल्याशिवाय तोंडातून आकडा काढू नका.

‘विंटेज’ म्हणून जादा मागणाऱ्याला आरसीवरची तारीख दाखवा. केंद्राच्या 2021 च्या नियमांत पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि चॅसिस-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते. आरएक्स 100 आली 1985 साली, म्हणजे सगळ्यात पहिलीलाही 2035 उजाडावं लागेल. म्हैसूरची सत्तरीच्या आधीची जावा असेल तर गोष्ट वेगळी.

आता नंबर. हँडलखालच्या मानेवर चॅसिस नंबर असतो, क्रँककेसवर इंजिन नंबर. कागद धरून वर पेन्सिल घासा, छाप घ्या आणि आरसी बुकाशी एकेक आकडा जुळवा. आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर गाडी फुकटातही नको. ती चोरीची असू शकते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही बघा. राहिलं असेल तर थकलेला पर्यावरण कर आणि दंड विकणाऱ्याच्या खात्यात धरा. मूळ मालक वारले असतील तर वारसाने फॉर्म 31 भरून गाडी आधी आपल्या नावावर करून घ्यावी. ‘बाबांच्या सहीचे फॉर्म आहेत की’ असं कुणी म्हणालं, तर आरसी बदलून येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.