गोरामोरा

मी पीत नाही. हे वाक्य कुठल्याही स्वरात म्हटलं तरी ऐकणाऱ्याला त्यात ‘फारशी’ हा शब्द आपोआप ऐकू येतो. जोरात म्हटलं तर, "बघा, चढलीये." हळू म्हटलं तर, "बिचारा, सोडायचा प्रयत्न करतोय." कारण माझं नाक आणि दोन्ही गाल बारा महिने लाल असतात. आजाराचं नाव रोझेशिया. चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या क्षुल्लक कारणाने फुलतात आणि पुढेपुढे फुललेल्याच राहतात. तो बरा होत नाही, आटोक्यात राहतो. लग्नाच्या पंगतीत हे सगळं शेजारच्याला समजावून सांगेपर्यंत जिलबी पुढे गेलेली असते. म्हणून हल्ली मी नुसती मान डोलावतो आणि जिलबी घेतो.

त्यात मी जन्मजात गोरा. लहानपणी पाहुण्या बायका माझा गाल ओढून "सफरचंद गं बाई!" म्हणायच्या आणि मी दुसरा गाल पुढे करायचो. लग्नाच्या वेळी आईने स्थळांना जी पत्रं लिहिली, त्यांत माझे दोनच गुण होते: मुलगा गोरा आहे आणि निर्व्यसनी आहे. शिक्षणाचा उल्लेख तिने मोघम ठेवला होता. गोऱ्या कातडीवर ही लाली चटकन उठून दिसते. चाळिशी उलटली आणि पहिल्या गुणाने दुसऱ्याचा गळा कापला.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी टाळायच्या गोष्टींची यादी दिली: ऊन, उकाडा, तिखट, गरम पेयं, दारू, राग आणि लाज. पुण्यात मे महिना काढणाऱ्या आणि मिसळीवर पुन्हा तर्री मागणाऱ्या माणसाला यातलं टाळता येण्यासारखं एकच होतं, आणि ते मी आधीपासूनच टाळत होतो. रागलोभ आवरलेही असते, पण मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. वार्षिक सभेत मी ‘पाण्याच्या टाकीची दुरुस्ती’ हा खर्च वाचतो. तळमजल्यावरचे निवृत्त पोलीस निरीक्षक चष्मा कपाळावर चढवतात आणि हिशेबाची वही सोडून माझं तोंड वाचायला घेतात. त्यांनी बघितलं की गाल तापतात. गाल तापले की लाज वाटते. लाज वाटली की नाकाचा शेंडा पेटतो. बिल पै न् पै खरं, पावती समोर, आणि सभेला दिसतं ते मुद्देमालासह पकडलेलं तोंड. गेल्या वर्षी त्यांनी पावतीवरचा शिक्का खिडकीच्या उजेडात धरून तपासला.

पण यादीतलं खरं संकट म्हणजे चहा. इथे मला जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण आपल्याकडे बशीवर फार अन्याय झालेला आहे. १९८१ साली जोनाथन विल्किन नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञाने रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफी, गार कॉफी, गरम पाणी आणि नुसतं कॅफीन असं सगळं देऊन पाहिलं. गरम कॉफीने चेहरे लाल झाले, साध्या गरम पाण्यानेही झाले. गार कॉफीने काही झालं नाही, कॅफीननेही नाही. पुढे २०१८ मध्ये ८२ हजारांहून अधिक अमेरिकन परिचारिकांच्या नोंदी तपासल्या, तर भरपूर कॉफी पिणाऱ्यांत हा आजार उलट कमीच आढळला. सगळा दोष उष्णतेचा.

म्हणजे आजोबा बरोबर होते. कपातला चहा बशीत ओतायचा, बशी दोन्ही हातांनी उचलायची, एक फुंकर घालायची आणि फुर्रर करून ओढायचा, ही पद्धत शंभर टक्के शास्त्रशुद्ध होती. पसरट भांड्यात चहाला वारा जास्त लागतो, तो झटकन निवतो, आणि ओढताना आत जाणारी हवा त्याला आणखी निववते. आम्ही शिकलो आणि हे सगळं गावंढळ ठरवलं. पाहुण्यांसमोर फुर्रर केलं म्हणून मी चिमटे खाल्लेले आहेत. मग बशीची पायरीपायरीने पदावनती झाली. आधी ती बिस्किटं ठेवायला लागली, मग कपातून सांडलेला चहा झेलायला, आणि शेवटी मनीप्लँटच्या कुंडीखाली गेली. तिच्या जागी जाडजूड मग आले, ज्यांत चहा निवता निवत नाही. मी दुकानात बशी मागितली तर विक्रेता म्हणाला, "सुटी नाही मिळत. सहा कपांबरोबर येते." मी सहा कप घेतले. कप माळ्यावर आहेत. ऑफिसात आता मी खिडकीशी उभा राहून बशीने चहा पितो. नवी पोरंपोरी वळून बघतात. मी त्यांना विल्किनचा प्रयोग सांगतो. ती आदराने ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून चहाला खाली टपरीवर जातात.

औषधांनीही माझी अब्रू वाढवली नाही. नाकाला लावायच्या जेलमध्ये मेट्रोनिडाझोल, म्हणजे लग्नसराईत पोट बिघडलं की घरोघरी शोधतात तेच. दुसऱ्या मलमात आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंतांचं औषध. ते डेमोडेक्स नावाच्या जिवांसाठी. आठ पायांचे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, मुक्काम केसांच्या मुळाशी. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या तोंडावर ते असतात, रोझेशियात जरा जास्त. ही माहिती मी जेवताना दिली. तेव्हापासून घरात माझा टॉवेल वेगळा आहे.

थोरामोठ्यांत कोणी जोडीदार शोधावा, तर पहिलं नाव निघालं बिल क्लिंटन. या नावाने माझ्या चारित्र्यावरचा संशय कमी होईल असं बायकोला वाटत नाही. त्यापेक्षा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला तो म्हातारा बरा. गिर्लांदायोने १४९०च्या सुमारास रंगवलेला. नाक गाठीगाठींनी सुजलेलं. पुरुषांच्या नाकावर हा आजार फार काळ ठाण मांडून बसला, तर कधीकधी असंच होतं. त्याच्या मिठीतला छोटा नातू मान वर करून त्याच्याकडे बघतोय. आजोबांच्या नाकाबद्दल त्याला काहीही विचारायचं नाही. पाचशे वर्षं होऊन गेली, अजून विचारलेलं नाही.

दवाखान्यात नंबराची वाट बघताना एकदा शेजारी एक मुलगी बसली होती. विशीतली, सावळी. गाल विटकरी लाल, मधेमधे सोललेले. पंख्याचा वारा सोसेना म्हणून ती ओढणी आड धरत होती. दुसऱ्या हातात एक ट्यूब, शेपटाकडून गुंडाळत थेट बुचापर्यंत आणलेली. औषधाच्या दुकानदाराने ‘उजळायला’ म्हणून दिलेली. आत स्टेरॉइड. लावलं की चेहरा चकाकतो. थांबवलं की आग, लाली, पुरळ. म्हणून पुन्हा लावायचं. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत यासाठी २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले. ते त्या दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचले नव्हते. बघायला पाहुणे येणार, म्हणून तिच्या घरच्यांनी ती आणून दिली होती.

मला गोरेपणा फुकट मिळाला आणि मी त्यावर जन्मभर मिरवलो. हिच्यावर तो ट्यूब पिळून काढायची वेळ आली. आणि हे पाहुणे काही आकाशातून पडत नाहीत. ते आमच्यासारख्याच घरांतून निघतात, आईच्या त्या पत्रातली पहिली ओळ मनात धरून. मला विलक्षण संताप आला, आणि अर्थातच तो सगळ्यात आधी नाकावर पोचला. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "काका, तुम्ही कुठली क्रीम लावता? गोरे आहात म्हणून विचारते."

"जुलाबावरची," मी म्हणालो. ती हसली, आणि हसताना गाल ताणले गेले तशी कळवळली.

परवा भाच्याच्या लग्नाचा अल्बम आला. फोटोग्राफरने कोणालाही न विचारता अख्खं वऱ्हाड उजळून काढलंय. नवऱ्यामुलाचा छान सावळा रंग गायब, भटजीही गोरेपान, आणि माझं नाक थेट कॉलेजातलं. हे किती चुकीचं आहे, यामागची मनोवृत्ती कशी सडकी आहे, यावर मी घरात सगळ्यांना बसवून बोललो. भाषण चांगलं झालं. आज सकाळी स्टुडिओतला पोऱ्या बिल घेऊन दारात आला. अल्बममधल्या एका फोटोची मोठी प्रत, फ्रेमसकट.

"ही कोणी मागवली?" बायकोने विचारलं.

"मी नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि पैसे आणायला आत गेली.