वाळलं का?

“एवढं बारीक काम तुम्हांला जमतं तरी कसं?” या प्रश्नाचं उत्तर मी तीन महिने आधीच तयार ठेवलं होतं. किंचित हसायचं, चष्मा काढून पुसायचा आणि म्हणायचं, “छे हो, आपला वेळ घालवायचा उद्योग.” आरशासमोर दोनदा तालीमही झाली. प्रश्न मात्र अजून कोणी विचारलेला नाही.

मी केलेली एसटी १:४३ मापाची, वीतभरापेक्षा जराशी मोठी. प्लास्टिकच्या शीटमधून कापलेली, अंगाने लाल, कमरेला पिवळा पट्टा, कपाळावर ‘रत्नागिरी–पाली’ अशी पाटी. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, म्हणून आमचंही अनावरण १ जूनलाच व्हायचं होतं. एसटीच्या कितीतरी खऱ्या गाड्या दापोडीच्या कार्यशाळेत बांधल्या गेल्या. हातखंब्याची कार्यशाळा म्हणजे आमच्या मागच्या पडवीतलं शिवणयंत्राचं टेबल. गाडीच्या पोटाखाली मी सहीसुद्धा करून ठेवली होती. उद्या एखाद्या संग्रहालयाने मागितलीच तर घोटाळा नको.

राहिली होती फक्त चकाकी. रत्नागिरीत मोटारींच्या रंगाच्या दुकानात जाऊन लॅकरच्या क्लिअरचा स्प्रे मागितला. दुकानदाराने विचारलं, “खाली काय मारलंय?”

मी म्हटलं, “लाल.”

तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मला वाटलं, कलावंत ओळखला.

खाली होतं एनॅमल, तेही चार दिवसांचं. बोटाला कोरडं लागत होतं, पण एनॅमलचं वाळणं आपल्या बोटावर ठरत नाही. आधी त्यातला थिनर उडतो, मग रंग हवेतला ऑक्सिजन घेत घेत सावकाश घट्ट होतो. त्याला आठवडे जातात. लॅकरचा थिनर जहाल. तो कच्च्या एनॅमलमध्ये शिरला की रंग फुगतो आणि वरचं कातडं गोळा होतं. उलट, पक्क्या वाळलेल्या लॅकरवर एनॅमल खुशाल मारावं. एनॅमलवर मात्र पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक क्लिअर बरं, तेही रंग मुरल्यावर, हलक्या हाताने. हे सगळं मला आता माहीत आहे.

चौथ्या मिनिटाला टपावर सुरकुत्या आल्या. जिथे सुरकुत्या नव्हत्या तिथे पांढुरकं धुकं उतरलं. लॅकर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. मेअखेरच्या हातखंब्यात दमट नाही अशी हवा आणायची कुठून? पंचा सकाळी वाळत घातला तर संध्याकाळी फार तर त्याचा विचार बदललेला असतो.

बायको डोकावली. “साय छान धरलीय,” म्हणाली आणि दूध बघायला गेली.

आता साठांबद्दल बोलायला हवं. बसचा आणि आंब्याच्या साठाचा संबंध काय, असं ज्याला वाटतं त्याने साठ फक्त विकत घेतलेलं असणार. आई ताटाला तुपाचा हात लावून आटवलेल्या रसाचं पातळ पुट द्यायची आणि ते अंगणात उन्हाला ठेवायची. ते वाळलं की त्यावर दुसरं, मग तिसरं. घाई केली तर खालचं ओलं कोंडून आंबतं. ती बोटाची मागची बाजू टेकवून बघायची, मी पुढची. “वाळलं का?” म्हणत मी रोज एक खड्डा पाडायचा आणि तिने दुसऱ्या दिवशी त्यावर रस ओतायचा. प्रत्येक साठाच्या पोटात माझं बोट होतं. ओरडली कधीच नाही; फक्त ते ताट माझ्या नावाने बाजूला काढायची. सोलांचंही तसंच. कोकमाची सालं त्याच कोकमाच्या मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. खाली काय आहे हे ज्या घरात मुलांना विचारावं लागत नसे, त्या घरात मी वाढलो.

मग रस्ता रुंद व्हायला निघाला आणि अंगण त्यात गेलं. मोबदल्याच्या कागदावर चौरस मीटर होते. साठं किती, हा रकाना नव्हता. आई ताटं गच्चीवर नेऊ लागली, पण धूळ तिथेही चढली आणि दोन पुटांच्या मध्ये बसली. एका मे महिन्यात तिने तुकडा तोंडात टाकला, दाताखाली कच आली. सगळी ताटं तिने गुरांच्या घमेल्यात रिकामी केली, धुऊन पालथी घातली. पुढच्या वर्षी आंबे होते, ताटंही होती. तिने साठं केली नाहीत. मीही विचारलं नाही. हा राग नक्की कुणावर काढायचा ते मला अजून समजत नाही. एक जून जवळ आली की तो बसवर निघतो.

बस खरवडून पुन्हा रंगवली. या वेळी चार प्लास्टिकच्या चमच्यांवर आधी तोच रंग मारलाय आणि ते कपड्यांच्या दोरीला लटकवलेत. क्लिअर पहिल्यांदा चमच्यावर पडेल, बसवर नाही. परीक्षा बोटाची नाही, नाकाची: रंगाचा वास येतोय तोवर तो कच्चा.

आज एकविसावा दिवस. वास येतोय.